मुलीला आणायचं तर एसी हवा

जावई सभ्य माणूस आहे. कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडायची सोयच राहत नाही. त्या दिवशीही नाशिकहून फोन करून त्याने अगदी शांतपणे सांगितलं, "बाबा, डोहाळजेवण झालं की घेऊन जा तिला, आमची काही ना नाही. फक्त तुमच्या गाडीचा एसी तेवढा बघून घ्या. मागच्या वेळी ती अर्धी होऊन परत आली होती. एसी नीट नसेल तर बाळंतपण इथेच करू. आई आहेच."

'आई आहेच' म्हणजे त्याची आई. फोन स्पीकरवर होता आणि शेजारी माझी बायको लसूण सोलत बसली होती. तिची बोटं थांबली. लग्नाला सहा वर्षं होऊन गेल्यावर पोरीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बायकोच्या लेखी चर्चेला जागाच नव्हती. मागची खोली तिने रंगवून घेतली होती, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती, पालघरच्या बाजारातून डिंक आणि अळीव आणून डब्यात भरले होते. एवढी सगळी तयारी, आणि आता सगळं येऊन अडलं कुठे, तर गाडीच्या एसीवर.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "एसी."

ऐकलं होतं. चांगलंच झोंबलं होतं. कारण एसी नीट करून घ्या हे कोण कोणाला सांगत होतं? सत्तावीस वर्षं मी इथल्या एका केमिकलच्या कारखान्यात चिलिंग प्लांट चालवला. म्हणजे मिठाचं पाणी उणे पंधरा डिग्रीपर्यंत थंड करायचं आणि ते कारखानाभर फिरवायचं. तिकडे रिअ‍ॅक्टर उकळायला लागला की इकडे मला फोन. थंड करणं म्हणजे काय हे या बोईसरमध्ये माझ्याइतकं कोणाला कळत असेल असं मला वाटत नव्हतं, आणि हे मी बऱ्याच लोकांना बोलूनही दाखवलं होतं. त्या मला एक बँकेतला पोरगा एसी बघून घ्यायला सांगत होता!

आता खरं सांगायचं तर एसी गार करत नव्हता. म्हणजे करत होता आणि नव्हता. सकाळी सातला भाजी आणायला निघालो की झकास. दुपारी बारा वाजता तोच एसी उसासे टाकल्यासारखी कोमट हवा सोडायचा. पंख्याचा आवाज मात्र एवढा की बायकोला हाक मारायची तर ओरडावं लागे.

मी काम पद्धतशीर हाती घेतलं. प्लांटवरची सवय. एक थर्मामीटर आणला, तो हवेच्या जाळीत खोचला आणि एक वही केली. वेळ, ठिकाण, बाहेरचं तापमान, आतलं तापमान. मी गाडी चालवणार आणि बायको शेजारी बसून आकडे लिहिणार. तारापूरच्या नाक्यावर लिही, रेल्वेच्या पुलावर लिही, शिरगावच्या समुद्रावर गेलो की लिही. निवृत्तीनंतर रोज दुपारी चारला आम्ही शिरगावला जातो, उन्हं उतरेपर्यंत सुरूच्या झाडांखाली बसतो. गाडीही तिथेच सावलीत लावतो, तापायला नको म्हणून.

"अहो, मला गरम होतंय, एवढं लिहिलं तर नाही का चालणार?" चौथ्या दिवशी बायको म्हणाली.

"त्याला रीडिंग म्हणत नाहीत."

"बरं. मग 'बायको भाजली' असं लिहिते."

वहीत ते अजून आहे. शेजारी तिने वेळही टाकली आहे, बारा पंचवीस.

पंधरा दिवसांच्या आकड्यांतून मी निष्कर्ष काढला की दोष गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा. माझ्या अनुभवात थंडी कमी पडली की दोष गॅसचा असतो किंवा कॉम्प्रेसरचा. बाहेर गरम झालं की आतही गरम होतं, ही गोष्ट माझ्याच वहीत पानापानावर दिसत होती. पण ती इतकी साधी होती की मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

बोईसरमध्ये एसीचं काम करणारा एक मेकॅनिक आहे, उत्तर प्रदेशातला, पंचविशीपासून इथेच असलेला आणि आता पन्नाशीला आलेला. त्याची टपरी कारखान्यांच्या रस्त्यालाच. त्याने गाडी सुरू केली, आत बसला, काचा बंद केल्या. आम्हा दोघांनाही मागे बसवलं. मग डॅशबोर्डवरची एक दांडी सरकवली. त्या दांडीवर गाडीचं चित्र असतं आणि आत एक गोल वळलेला बाण. ती तिकडे केली की आतली झडप मिटते, बाहेरची हवा येणं बंद होतं आणि गाडीतलीच हवा पुन्हापुन्हा गार होत राहते. आमची दांडी कायम तिकडेच असते. इकडे गाडी घेतली की शेजारीपाजारी पहिली हीच गोष्ट शिकवतात, कारखान्यांच्या भागातून जायचं तर ही दांडी तिकडे.

"अंकल, अब बताओ," तो म्हणाला, "बाहर का बास अंदर आ रहा है क्या?"

मी हुंगलं. बायकोने हुंगलं. त्याने स्वतःही दोन-तीनदा नाक वर करून हुंगलं.

"नहीं," मी म्हणालो.

"बिलकुल नहीं," बायको म्हणाली.

"हां, कुछ नहीं है," तो म्हणाला. "मतलब झडप बराबर बंद हो रही है. फिर गॅस देखते हैं."

तिघांनी मिळून एवढ्या एकमताने निदान केलेलं मी प्लांटवरसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यापलीकडे एका धुराड्यातून पिवळट धूर निघत होता. तो आमच्याच अंगावरून पुढे जात होता.

गॅस बघितला, बरोबर होता. मी म्हटलं, तुझं मीटर चुकीचं आहे. तो म्हणाला, मीटर नया है. मग आमची जुंपली. सक्शन प्रेशर म्हणजे काय यावर मी त्याला हिंदीतून पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुढची जाळी पाण्याने धुऊन दिली. धुतल्यावर गाडी दिसायला बरी झाली, एवढाच फरक.

मग पालघर. तिथला मेकॅनिक शेजारच्याच माहीम गावचा, पोटाने सुटलेला आणि बोलायला सावकाश. त्याने गाडीला नळ्या लावल्या, काट्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, गॅस भरपूर हाय. कॉम्प्रेसरपन चांगला हाय. तुमी उगा टेन्शन घेता."

"मग गार का होत नाही?"

"आता उनच एवढं हाय त्याला गाडी काय करेल?"

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. उणे पंधरा डिग्री! भर मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये! उन्हाचं कारण मी कधी दिलं असतं तर साहेबाने मला गेटबाहेर काढलं असतं. मी हट्टाने त्याच्याकडून कॉम्प्रेसरच बदलून घेतला. तो नको नको म्हणत होता. "काका, याला काय नाय झालेला," असं म्हणतच त्याने जुना काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

नवा कॉम्प्रेसर लावल्यावर दुपारी बाराचं रीडिंग होतं तेवढंच आलं. मी ते बायकोला लिहू दिलं नाही.

डोहाळजेवण झालं आणि दिवस ठरला. आता मी डोकं लढवलं. नाशिकला आदल्या दिवशी जायचं, राहायचं आणि पहाटे साडेपाचला निघायचं. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार हा सगळा रस्ता उंचावरून, झाडीतून. ऊन चढायच्या आत मनोर. पुढे तासाभराचाच प्रश्न. याला दुरुस्ती म्हणत नाहीत हे मला कळत होतं. पण निघताना जावई गाडीत डोकावला आणि जाळीपुढे हात धरून म्हणाला, "वा बाबा, मस्त केलात की एसी." मी गिअर टाकला. बायको खिडकीतून बाहेर बघत राहिली.

पोरगी मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी झाली आणि जव्हार येईपर्यंत गाढ झोपली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, भरलेला, शांत. बायको दर दहा मिनिटांनी मागे वळून बघायची आणि पुढे वळून हसायची. जव्हारला चहा घेतला, विक्रमगडला पेरू घेतले, मनोरला हायवे लागला तेव्हा साडेनऊ. जाळीतली हवा थोडी नरमली होती, पण थर्मामीटर मी मुद्दामच घरी ठेवून आलो होतो. जिंकलो असं मनात म्हणत मी बोईसरच्या फाट्याला वळलो.

कारखाने सुरू झाले आणि मागून आवाज आला, "बाबा, काच उघडी आहे का?"

"नाही गं. सगळ्या बंद."

"मग हा वास कुठून येतोय?"

"कसला वास?" बायकोने विचारलं.

"कसला काय आई! सडक्या कांद्यासारखा. आणि वर काहीतरी औषधासारखं. तुम्हाला येत नाही?" तिने ओढणी नाकाशी धरली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी हुंगलं. बायकोने हुंगलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आईशप्पथ सांगतो, काहीही येत नव्हतं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहर का बास अंदर आ रहा है क्या? येत होता! पहिल्या दिवसापासून येत होता! झडप बंद होतच नव्हती, भर दुपारची बाहेरची हवा सरळ आत शिरत होती आणि बिचारा एसी एकटा सगळ्या बोईसरला गार करायला बघत होता. आणि हे ज्यांना विचारलं त्या तिघांचीही नाकं इथली. मी स्टिअरिंगवर थाप मारली आणि मोठ्याने हसलो.

"सापडला! अगं सापडला दोष! झडप आहे झडप!"

"बाबा, गाडी थांबवा," पोरगी म्हणाली.

थांबवली. ती रस्त्याच्या कडेला उलटी करत होती, तिची आई तिची पाठ चोळत होती, आणि मी पाण्याची बाटली हातात धरून त्या दोघींना झडपेचं काम कसं चालतं ते समजावत होतो. आज आठवलं की स्वतःच्या कानशिलात द्यावीशी वाटते. त्या वेळी मात्र मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

त्यांना घरी सोडून मी जेवायलाही थांबलो नाही. तडक त्या पहिल्या मेकॅनिकच्या टपरीवर. "झडप खोल," म्हटलं. त्याने हातमोजे ठेवायचा कप्पा काढला, आत हात घातला आणि मूठभर काड्या बाहेर काढल्या. सुरूच्या काड्या, वाळलेल्या, सुयांसारख्या. मग आणखी एक मूठ. मग आणखी एक. रोज दुपारी गाडी तापू नये म्हणून मी तिला ज्या सावलीत लावत होतो, त्या सावलीने पुढच्या काचेखालून आत शिरून झडपेच्या तोंडात घरटं केलं होतं. दांडी नुसती हलत होती, झडप अर्ध्यावर अडत होती.

"अंकल, आपने तो बोला था बास नहीं आता," तो म्हणाला.

"तूने भी बोला था."

तो जरा विचारात पडला. मग त्याने तिथे उभ्या उभ्याच एक मोठा श्वास घेतला, मान हलवली आणि हात पुसायला लागला.

भर दुपारी एक वाजता जाळीतून सात डिग्री. सात! मी घरी जिने चढलो ते पंचविशीतल्यासारखा. पोरगी मागच्या खोलीत होती. खिडक्या गच्च बंद, पंखा फुल्ल, आणि ओढणी अजून नाकाशी. बायको बाहेर ओट्याशी उभी होती, पोरीसाठी केलेलं सगळं झाकून ठेवलेलं.

"चल खाली," मी म्हटलं. "बसून बघ. आता वास येणार नाही."

ती आली. मी गाडी सुरू केली, काचा बंद केल्या. दोन मिनिटांत तिने ओढणी खाली घेतली, डोकं मागे टेकलं आणि दीर्घ श्वास घेतला. "हो, बाबा. इथे नाही येत."

"बघ! म्हटलं होतं ना!"

"घरात येतो," ती म्हणाली.

"घरात कुठे? तू इथेच लहानाची मोठी झालीस. तेव्हा नाही आला?"

"तेव्हा नाही आला. आता दर वेळी येतो. दिवाळीला आले की दुसऱ्या दिवशी डोकं धरायचं, म्हणून लवकर निघायचे. आईला वाईट वाटेल म्हणून काम आहे सांगायचे. आता या दिवसांत तर…"

मी नुकताच नोकरीला लागलो तेव्हा घाटावरून आलो होतो. पहिल्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. सुपरवायझर म्हणाला होता, आठ दिवसांत वास जाईल. आठ दिवसांत खरंच गेला. त्यानंतर मी त्याचा विचारच केला नव्हता, तो कुठे गेला असेल वगैरे.

पुढचे पाच दिवस आमच्या घरात जे चाललं ते सोसायटीतल्या लोकांना अजून पुरतंय. वारा फिरला की पोरगी खाली येऊन गाडीत बसायची. मी एसी लावून द्यायचो. सीट मागे पाडून, पाय वर घेऊन ती तिथे पडायची. बायको ताट घेऊन जिने उतरायची, काच दोन बोटं खाली करून गरम भाकरी आत सरकवायची आणि काच पटकन वर. शेजारच्या काकू विचारायच्या, काय हो, कुठे निघालात? मी सांगायचो, कुठे नाही, बसलोय. एसी मात्र अप्रतिम चालत होता. तिने एकदा शाल मागितली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी ते येईल त्याला सांगत सुटलो.

सहाव्या दिवशी दुपारी बायको रिकामं ताट घेऊन वर आली. ताट ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सोडून येऊ तिला."

"कुठे?"

"नाशिकला. दुसरं कुठे?"

"अगं पण एसी आता—"

"अहो, एसी, एसी काय लावलंय!" ती कडाडली. एवढ्या वर्षांत ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. "बाळंतीण काय गाडीत ठेवणार आहात? आणि ते बाळ?"

पोरगी नको म्हणाली, होईल सवय म्हणाली, रडली. बायको म्हणाली, "सवय व्हायला नको, म्हणूनच म्हणते." आणि ती मागच्या खोलीत जाऊन दुपटी पिशवीत भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नाशिकला गेलो. डिंकाचे लाडू, अळीव, दुपटी, बाळाची टोपडी, सगळं बायकोने विहीणबाईंच्या हातात दिलं. कोणतं कशासाठी तेही नीट सांगितलं. विहीणबाई चांगल्या आहेत, त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, तिला राहायचा आग्रह केला. ती नाही म्हणाली. दारात पोरगी तिच्या गळ्यात पडली तेव्हा बायकोने फक्त पाठीवरून हात फिरवला आणि जावयाला म्हणाली, "एसी अगदी मस्त झालाय हो गाडीचा."

परतीच्या वाटेवर बोईसरच्या फाट्याला वळल्यावर बायको म्हणाली, "एसी बंद करा. काचा खाली घ्या."

"दुपारचे दोन वाजलेत."

"घ्या हो."

घेतल्या. भट्टीसारखी हवा आत आली. आम्ही दोघं नाकं पुढे करून बसलो. ट्रकच्या धुराचा वास आला. एका टपरीपाशी भज्यांचा आला. मग पहिली धुराडी दिसली, मग पुढची, मग जिथे पोरीला उलटी झाली ती जागा. मी गाडी हळू केली. मी श्वास घेत होतो, सोडत होतो, पुन्हा घेत होतो. काहीही नाही.

"येतोय," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती सरळ समोर बघत होती.

"येतोय हो. आहे वास." तिने पदर नाकाशी धरला. "पोरीचं बरोबर होतं."

ती खोटं बोलते तेव्हा मला कळतं, इतकी वर्षं कळत आलंय.

"हो," मी म्हणालो. "भयंकर आहे." आणि मीही खिशातून रुमाल काढून नाकावर धरला.